वाढवावे आणि परत द्यावे

सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,४९,६५१ भरली. सारा देश वाढत असताना ज्या मोजक्या जिल्ह्यांत माणसे घटली, त्यांत या जिल्ह्याची गणना झाली. कोष्टके न पाहताही हे कळते. कुडाळ तालुक्यात नेरूर, वालावल, पाट, माणगाव अशा कोणत्याही गावी वाडीवाडीतून फिरून यावे. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी, एरवी कुलूप लागलेली घरे दिसतात. आणि जी उघडी आहेत त्यांत आपली मुले वाढवून मोकळी झालेली, हातीपायी धड असलेली माणसे दिसतात. त्यांची मुले मुंबईस, पुण्यास किंवा गोव्यात असतात आणि नातवंडे मे महिन्यापुरती येतात.

दुसरीकडचे चित्र असे : केंद्र सरकारने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. देशातील ९,५८९ बालसंगोपन संस्थांतून सुमारे ३ लाख ७० हजार मुले राहत असल्याचे त्यात नमूद आहे. कायदेशीर दत्तकाचा आकडा मात्र २०२४-२५ या वर्षी ४,५१५ इतका होता, आणि तोही आजवरचा उच्चांक म्हणून सांगण्यात आला. या तफावतीचे कारण लोकांची अनास्था एवढेच नाही. संस्थेत राहणारी बहुसंख्य मुले अनाथ नसतात. कोणाची आई असते, पण तिला काम नाही. कोणाचा बाप असतो, पण तो तुरुंगात किंवा दारूत बुडालेला. कोणाचे आईबाप दोघेही असतात, पण एक रुग्णालयात आणि दुसरा परागंदा. अशा मुलांना दत्तक देता येत नाही आणि देऊही नये, कारण त्यांचे नाते तुटलेले नसते. त्यांना गरज असते ती दोन-चार वर्षांपुरत्या, कधी त्याहून अधिक काळासाठी, दुसऱ्या एका घराची.

या गरजेसाठी कायद्यात तरतूद आहे. तिचे नाव प्रतिपालकत्व. शासकीय कागदांबाहेर हा शब्द फारसा कोणी उच्चारीत नाही, आणि जे उच्चारतात त्यांतील बरेचजण त्याचा अर्थ दत्तक असाच करतात. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घ्यावा आणि आपापल्या गावी हाती घ्यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम दत्तकाशी असलेला भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे दत्तकाचा विचार शतकानुशतके घराच्या बाजूने झाला. वंश चालावा, वतन टिकावे, पिंडाला अधिकारी असावा, म्हणून मूल आणायचे. ते मूल मुलगाच असायचे आणि शक्य तो भाऊबंदांतलेच. साताऱ्यापासून झाशीपर्यंतची संस्थाने ज्या प्रश्नावरून इंग्रजांनी खालसा केली तो प्रश्न गादीच्या वारसाचा होता, मुलाच्या सुखाचा नव्हता. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येईल असे केले. परंतु नवरा हयात असताना विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार मिळण्यास २०१० साल उजाडावे लागले. सर्व धर्मांच्या नागरिकांस लागू होईल असे दत्तक विधेयक १९७२ साली संसदेत आले, १९७८ साली मागे घेतले गेले, १९८० साली पुन्हा आले आणि तसेच विरून गेले. अखेर बाल न्याय कायद्याच्या वाटेने ही सोय झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ती उचलून धरली. दत्तकाचा विचार मुलाच्या बाजूने करण्यास आपल्याला असा दीर्घ काळ लागला.

प्रतिपालकत्वाची दिशा मुळापासूनच वेगळी आहे. येथे घराला वारस मिळत नाही, नाव पुढे चालत नाही, म्हातारपणाची काठी मिळत नाही. मुलाचे आडनाव, त्याचा धर्म, त्याचे आईबाप त्याच्याजवळच राहतात. आपण त्याला जेवू घालावे, शाळेत घालावे, आजारात उशाशी बसावे, त्याला लळा लावावा. आणि त्याच्या आईचे घर उभे राहिले की ते मूल तिच्या स्वाधीन करावे. या कामात मोबदल्याची अपेक्षा ठेवण्यास फारशी जागाच नाही. म्हणूनच ते कठीण आहे, आणि म्हणूनच ते समाजवादी विचाराच्या माणसाला जवळचे वाटले पाहिजे.

कोकणाला ही गोष्ट अगदीच परकी आहे असे नाही. परक्याच्या किंवा नातलगाच्या पानावर वाढलेल्या पिढ्या या भूमीत होऊन गेल्या. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला आठवड्याची सात घरे असत. दापोलीच्या शाळेसाठी साने गुरुजी आत्याच्या घरी राहिले. मुंबईत गिरणगावातील दहा बाय दहाच्या खोलीत काका आपल्या चार मुलांशेजारी भावाच्या मुलाची वळकटी पसरी आणि त्याला रात्रशाळेत धाडी. उलट दिशेनेही हेच चाले. मुंबईला खोली नाही म्हणून मुले गावी आजीकडे ठेवायची आणि महिन्याला मनीऑर्डर करायची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांच्या चुली विझल्या, तेव्हा किती कुटुंबांनी आपली मुले कोकणात मामाकडे, आजोळी, आत्याकडे पाठविली याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. ती मुले वाढली. ज्या बायकांनी ती वाढविली त्यांनी त्याला कोणतेही भारदस्त नाव दिले नाही. घरचेच काम होते, ते झाले.

या परंपरेचा अभिमान अवश्य बाळगावा, परंतु तिची दुसरी बाजू झाकू नये. ‘पोरीला आमच्याकडे द्या, घरच्यासारखी राहील, शिकेल’ असे सांगून गरिबाघरची किती मुले शहरातील सुखवस्तू घरांत गेली आणि तेथे भांडी घासत मोठी झाली, हे कोकणातील कोणत्याही गावाला विचारावे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या नोकरीवरच सर्वसाधारण बंदी घातली. तरीही ‘घरच्यासारखी’ या शब्दाआड बालमजुरी दडू शकते. नातलगाकडे वाढणाऱ्या मुलाच्या वाट्यालाही कधी कधी शेवटचे पान, जुने दप्तर आणि पहिली शिवी येते. केवळ मायेच्या भरवशावर सोडलेल्या व्यवस्थेत माया आटली की मुलाला दाद मागण्यास जागा नसते. प्रतिपालकत्वाचा कायदा येथे उपयोगी पडतो, कारण तो मायेला हिशेब विचारतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४४ व्या कलमात ही व्यवस्था सांगितली आहे. मूल कोणाच्या घरी द्यावे हे कोणी दोन माणसांनी आपसांत ठरवावयाचे नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा आदेश लागतो. घराची निवड करताना कुटुंबाची कुवत, त्याचा हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहावा, असे कायदा सांगतो. भावंडे शक्यतो एकत्र ठेवावीत. मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि आहार यांची जबाबदारी प्रतिपालकांची आहे आणि त्यासाठी दरमहा अर्थसाह्य देण्याची तरतूद आहे. समितीने दर महिन्यास घराची पाहणी करावी आणि मुलाची आबाळ होत असल्यास त्याला तेथून हलवावे. जन्मदात्यांना ठरावीक काळाने मुलास भेटता येते, आणि ते सांभाळण्यास समर्थ झाले असे समितीस वाटल्यास मूल त्यांच्याकडे परत जाते. जे मूल दत्तक देण्याजोगे आहे त्याला दीर्घकाळ प्रतिपालकत्वात अडकवून ठेवू नये, असेही कायद्याने बजावले आहे.

केंद्राने २०२४ साली या संबंधीची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. दांपत्य असल्यास त्यांचा किमान दोन वर्षांचा स्थिर संसार असावा, अशी अट त्यांत आहे. त्याचबरोबर अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही आता प्रतिपालक होता येते. एकट्या स्त्रीस मुलगा वा मुलगी, एकट्या पुरुषास केवळ मुलगा. मूल पुढे दत्तक देण्यास कायद्याने मोकळे झाले, तर दोन वर्षांच्या सहवासानंतर त्याच घराला ते दत्तक घेण्याची वाट खुली केली आहे. विधवेच्या उंबरठ्यावर शुभाशुभ पाहणाऱ्या समाजात, एकट्या स्त्रीचे घर हे मुलासाठी पुरेसे घर आहे असे शासनाने मान्य करणे ही लहान गोष्ट नाही.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. प्रतिपालक होऊ इच्छिणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत पहिल्या महिन्यात होते. आपण मुलाला सुख देणार, तेव्हा ते आनंदेल, अशी त्यांची भाबडी समजूत असते. आलेले मूल अनेकदा आनंदत नाही. ते भाकरीचा तुकडा उशीखाली लपविते, कारण उद्याच्या जेवणाची खात्री त्याला कधी कोणी दिलेली नसते. दहा वर्षांचे मूल अंथरूण ओले करते. कोणी हात उचलला, मग तो फळीवरचा डबा काढण्यासाठी का असेना, की ते अंग चोरते. काही मुले अति गुणी वागतात. न सांगता केर काढतात, पाणी भरतात, कारण आपण उपयोगी नसलो तर येथून काढतील अशी भीती त्यांना असते. या गुणीपणाचे कौतुक करू नये; त्यामागील भीती ओळखावी. आणि काही महिन्यांनी, थोडे रुजल्यावर, तेच मूल हट्ट करू लागते, खोटे बोलते, वस्तू फोडते. ‘मी असा वागलो तरी तुम्ही मला ठेवाल काय?’ हा प्रश्न ते आपल्या भाषेत विचारीत असते. या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देता येत नाही. ते रोज वेळेवर वाढलेल्या पानाने, न उगारलेल्या हाताने आणि पाळलेल्या शब्दाने द्यावे लागते.

घरात आपली मुले असतील तर त्यांचे मन आधी तयार करावे लागते. आईच्या कुशीतली जागा वाटून घ्यायची आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही तर त्याचा राग ती नव्या मुलावर काढतात. भाषेचाही प्रश्न आहे. या जिल्ह्यात चिरेखाणींवर कर्नाटकातून आणि आंब्याच्या बागांत नेपाळमधून कुटुंबे येतात. त्यांपैकी एखाद्याचे मूल निराधार झाले तर त्याला मराठी येत नसेल, मालवणी तर नाहीच. त्याची भाषा त्याच्याजवळ राहील, त्याच्या गावाचे नाव तो विसरणार नाही, याची काळजी प्रतिपालकांना घ्यावी लागते. मूल आपल्यासारखे करून टाकणे हे येथे यश मानावयाचे नाही.

मग गाव येते. ‘ह्यां पोर कोणाचां?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विहिरीवर, दुकानावर, देवळात विचारला जातो आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : जात कोणती? ज्या गावांतून देवळातील मानपानाची उतरंड अजून पाळली जाते तेथे या प्रश्नाला बगल देऊन चालत नाही. प्रतिपालकांनी एकदाच, ठामपणे सांगून टाकावे की हे मूल आमच्या पंक्तीला बसेल, आमच्या घागरीतले पाणी पिईल. ज्यांना चालत नसेल त्यांनी आमच्याकडे जेवू नये. मूल त्याच्या जातीधर्मासह आपल्या घरात राहणे आणि जातीधर्मामुळे त्याला कोणी दूर न लोटणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधावयाच्या असतात. जातिनिर्मूलनाचे अनेक ठराव आपण संमत केले आहेत. येथे त्या ठरावाची परीक्षा स्वयंपाकघरात होते.

दुसरा अडथळा जमिनीचा. कोकणात सामाईक सात-बारावर भाऊबंदांची नावे मावत नाहीत अशी स्थिती असते. त्यामुळे कोणाच्या घरी परके मूल आले की भावकीचे कान उभे राहतात : उद्या हा हिस्सा मागेल! ही भीती निराधार आहे. प्रतिपालकत्वाने वारसाहक्क निर्माण होत नाही. परंतु निराधार भीतीनेही घरे मोडतात, म्हणून कार्यकर्त्याने भावकीला एकत्र बसवून कायदा समजावून सांगितला पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, पुढे दत्तक घेतले. १८९० साली जोतिराव वारले तेव्हा त्या मुलाच्या अधिकारावर भाऊबंदांनीच हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेपुढे चालण्याचे धैर्य दाखविले. सात वर्षांनी प्लेगच्या साथीत डॉक्टर झालेला यशवंत आणि सावित्रीबाई मिळून रुग्णांची सेवा करीत होती. त्यातच सावित्रीबाईंचा अंत झाला. भावकीने परके ठरविलेल्या त्या मुलाने पुण्याच्या परक्या माणसांची अशी सेवा केली.

आणि शेवटी ताटातूट. प्रतिपालकत्वात सर्वांत कठीण कसोटी हीच. समजा, दोन-तीन वर्षे झाली, मूल ‘आई’ म्हणू लागले, आणि त्याच वेळी त्याच्या खऱ्या आईची स्थिती सुधारली. ती भेटीला येऊ लागते. त्या भेटीनंतर मूल दोन दिवस जेवत नाही, रात्री ओरडून उठते. प्रतिपालकांच्या मनात येते की ही बाई आली नसती तर बरे झाले असते. हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्याच्या आहारी जाणे अन्याय आहे. ती आई आपली प्रतिस्पर्धी नाही. ती गरिबीने, आजाराने किंवा नवऱ्याच्या छळाने हरलेली एक स्त्री आहे, आणि तिने पुन्हा उभे राहावे यासाठीच तर हा सारा खटाटोप होता. तिच्याबद्दल मुलासमोर वावगा शब्द निघू नये. तिला घरात बसावयास पाट आणि चहाचा कप मिळावा. मूल परत जाते तेव्हा रडू येणारच. ज्या घराला रडू येत नाही त्याने मूल सांभाळले होते की नुसते ठेवले होते, असा प्रश्न पडेल. पण रडत का होईना, जो हात सोडतो तोच खरा प्रतिपालक.

येथे कोणी विचारील : इतका ताप कशाला? चांगल्या संस्था काढाव्यात, तेथे मुले एकत्र सुखाने राहतील. संस्थांची निंदा करण्याचे आम्हाला कारण नाही. साताऱ्यास १९२४ साली कर्मवीर भाऊरावांनी वसतिगृह काढले आणि मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासह, मोडले. ते वसतिगृह अनेक घरांहून अधिक घर होते. पण प्रत्येक संस्थेस लक्ष्मीबाई लाभत नाहीत. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या आश्रयगृहातील मुलींवर काय गुदरले ते २०१८ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीमुळे उजेडात आले. आणि जेथे अत्याचार नाही, स्वच्छता आहे, पोटभर अन्न आहे, तेथेही लहान मुलाला आपले असे एक माणूस लागते. पाळी बदलली की माणूस बदलले, अशा ठिकाणी ते मिळत नाही.

याचा शास्त्रशुद्ध पडताळा रुमानियात झाला आहे. तेथील चाऊशेस्कू राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली, लोकसंख्या वाढविण्याचा हुकूम काढला आणि ज्यांना पोसता येईना त्यांची मुले सरकारी अनाथालयांत भरली. समाजवादाचे नाव घेऊन आईच्या देहावर आणि मुलाच्या बालपणावर सत्ता गाजविणारी ती राजवट १९८९ साली कोसळली. मुले मात्र अनाथालयांतच राहिली. २००० साली बुखारेस्ट येथे संशोधकांनी १३६ लहान मुलांची पाहणी सुरू केली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवड करून काहींना प्रतिपालक घरे मिळवून दिली, इतर संस्थेत राहिली. घरी गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि जीव लावण्याची शक्ती संस्थेतील मुलांपेक्षा चांगली वाढली. आणि जी दोन वर्षांची होण्यापूर्वी घरी गेली त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. या प्रयोगातील एक बाब आपल्या राज्यकर्त्यांनी लक्षात घ्यावी. तेथील प्रतिपालक मातांना वेतन दिले होते आणि त्यांच्या मदतीस प्रशिक्षित कार्यकर्ते नेमले होते. केवळ मायेवर हा परिणाम साधलेला नाही.

आपल्याकडे पैशाची कथा काय आहे? महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिचा लाभ प्रत्यक्षात मुख्यतः नातलगांकडे किंवा एकट्या पालकाजवळ राहणाऱ्या मुलांना मिळतो. दीर्घकाळ या योजनेखाली मुलामागे दरमहा ४२५ रुपये मिळत. करोनाच्या महामारीत हजारो मुलांचे छत्र हरपले, एकल महिलांच्या संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा २०२१ साली ही रक्कम ११०० रुपये झाली. २०२३ साली २२५० रुपये झाली आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली मात्र २०२२ पासून हाच दर ४,००० रुपयांचा आहे. एकाच गरजेला दोन दर कशासाठी, याचे उत्तर मुलाला देता येणार नाही. शिवाय अनुदान महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी राज्यभरातून झाल्या आहेत. मुलाची भूक दरमहाची असते. अनुदान वर्षातून एकदा आले तर त्या वर्षात दुकानदाराची उधारी कोणी फेडायची? सावित्रीबाईंचे नाव देणे सोपे आहे. त्या नावाला शोभेल अशी नियमितता देणे हे शासनाचे काम आहे.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. आजकाल ‘कुटुंबाधारित संगोपन’ हा शब्द सरकारी व्यासपीठांवरून मोठ्या गोडीने उच्चारला जातो. त्यामागे मुलाच्या हिताचा विचार असेल तर स्वागत आहे. परंतु संस्था चालविण्याचा खर्च वाचवावा आणि भार गरीब घरांतील बायकांच्या डोक्यावर ठेवावा, असा हिशेब असेल तर त्याला विरोध केला पाहिजे. मूल घरी आले की अंथरूण कोण धुणार, रात्री कोण जागणार, शाळेत कोण जाणार? बहुतेक घरांत याचे उत्तर एकच आहे. अंगणवाडी सेविकेला आणि ‘आशा’ कार्यकर्तीला ‘सेवाभावी’ म्हणून गौरवायचे आणि वेतन नाकारायचे, हा डाव आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. प्रतिपालक मातेच्या बाबतीत तोच डाव पुन्हा खेळू देता कामा नये. मुलाच्या खर्चाची रक्कम वेगळी आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या श्रमाचा मोबदला वेगळा, अशी मागणी आपण केली पाहिजे. त्यासोबत प्रशिक्षण हवे, अडचणीच्या वेळी धावून येणारा कार्यकर्ता हवा, मुलाच्या मानसिक आजारावर जिल्ह्यातच उपचार हवा, आणि कायद्यात लिहिलेली मासिक पाहणी कागदावर न राहता घरात व्हावयास हवी.

याहूनही आधीची मागणी आहे. मुलाला दुसऱ्या घराची गरज पडू नये हे पहिले कर्तव्य. आईला रोजगार हमीचे काम वेळेवर मिळाले, शिधापत्रिका मिळाली, नवऱ्याच्या मारहाणीपासून संरक्षण मिळाले, आजारात फुकट उपचार मिळाले, तर कितीतरी मुले आपल्याच घरी वाढतील. केवळ गरिबीमुळे मूल आईपासून दूर करावे लागणे हा त्या आईचा दोष नाही. तो समाजव्यवस्थेचा पराभव आहे. प्रतिपालकत्व हा त्या पराभवावरील तात्पुरता उपाय आहे, आणि तो तात्पुरताच राहावा यासाठी राजकीय लढा चालू राहिला पाहिजे.

काही साथी म्हणतील की हे समाजसेवकांचे काम. राजकीय पक्षाने यात का पडावे? राजापूर मतदारसंघातील याच मातीने १९५७ पासून बॅ. नाथ पै यांना आणि १९७१ पासून वीस वर्षे प्रा. मधू दंडवते यांना लोकसभेत पाठविले. येथील समाजवादी कार्यकर्त्याने संघर्ष आणि रचना यांच्यात भिंत मानली नाही. ज्या प्रश्नात गरिबी, जात, स्त्रीचे श्रम आणि शासनाची कुचराई एकत्र येतात, तो प्रश्न राजकीय नाही असे कसे म्हणता येईल?

तेव्हा कुडाळ तालुक्यातील कार्यकर्त्यांपुढे नेमके काम ठेवावेसे वाटते. प्रत्येक गावी ग्राम बाल संरक्षण समिती असावयाची आहे. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. आपल्या गावी ती अस्तित्वात आहे काय, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती यांचा कारभार जिल्ह्याच्या मुख्यालयातून चालतो. ते ओरोस तर आपल्याच तालुक्यात आहे. तेथे जाऊन प्रतिपालकत्वाचे अर्ज, अटी आणि प्रलंबित अनुदानाची माहिती मागावी. गावात नातलगाकडे वाढणाऱ्या मुलांची यादी करावी. ज्यांना बालसंगोपनाचा लाभ मिळावयास हवा त्यांचे कागद पुरे करून द्यावेत. परक्या घरी कामाला ठेवलेले मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे, मग ते घर आपल्या ओळखीचे का असेना.

आणि तालुक्यात, अगदी थोडी, पण खरी दहा घरे शोधावीत. दहा अर्ज भरले जाण्यापूर्वी शंभर घरांत बसून बोलावे लागेल. उत्साहाने पुढे येणाऱ्यालाच आधी थांबवून विचारावे : तुम्हाला मूल हवे आहे, की मुलाला तुम्ही हवे आहात? म्हातारपणाचा आधार, घरकामाला हात, पुण्यसंचय किंवा वर्तमानपत्रात छायाचित्र, यांपैकी काही मनात असेल तर त्यांना नम्रपणे परत पाठवावे. एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, मुले मार्गी लागलेली दांपत्ये, स्वतः एकेकाळी मामाच्या घरी वाढलेली माणसे, यांच्याकडे मुद्दाम जावे. ज्याने दुसऱ्याच्या घरी जेवताना मान खाली घातली आहे, त्याला पान वाढताना मुलाच्या डोळ्यांत काय पाहावे हे सांगावे लागत नाही.

या कामाचा गवगवा होणार नाही. मिरवणूक निघणार नाही, आणि ज्या मुलासाठी हे करावयाचे ते उद्या मत देण्यास या गावी राहणारही नाही. ते आपल्या आईकडे गेलेले असेल. तसे ते गेले, तर काम पुरे झाले असे समजावे, आणि रिकाम्या झालेल्या खाटेवर पुढच्या मुलाचे अंथरूण घालावे.